पाणी-पॉलिश

शोरूममध्ये त्याला सगळे मिठू म्हणायचे. नाक पोपटासारखं होतं म्हणून नव्हे. गिऱ्हाईक काचेचं दार ढकलून आत आलं की हा गोड आवाजात रोज तेच ते बोलायचा म्हणून. "गाडी काय, कुणीही विकेल साहेब. विकल्यानंतर ओळख ठेवणारं दुकान बघा!" हे वाक्य तो कधीकधी झोपेतही बरळायचा, आणि बायको कूस बदलून म्हणायची, "अहो, घेतली मी गाडी. आता झोपा."

अशा माणसाच्या मेव्हण्याला मोटारसायकल घ्यायची होती.

मेव्हणा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याही इमारतीत कुणी अडकलं की त्याला फोन. आजवर बसची वाट बघत धावपळ केली, आता ते जमेना. कामच दुरुस्तीचं, त्यामुळे गाडी निवडायची त्याची तऱ्हा जगावेगळी. रंग बघायचा नाही, वेग विचारायचा नाही. दुकानात शिरला की एकच मागणी, "बिघडल्यावर जो हात लावणार, त्या माणसाला भेटवा." विक्रीवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. तीन दुकानं अशी पालथी घातल्यावर तो बहिणीकडे आला आणि म्हणाला, "ताई, उगाच तंगडतोड केली बघ. दाजी असताना बाहेर कशाला विचारायचं? रविवारी तिथूनच घेतो."

ताई हरखली. मिठू पेपरात डोकं खुपसून बसला.

दुकानाचं बाहेरचं रूप जितकं देखणं, तितकंच मागचं वर्कशॉप पार कामातून गेलेलं होतं. जुना हेडमेकॅनिक मालकाशी भांडून निघून गेला आणि त्याच्या जागी कच्ची माणसं भरली गेली. संध्याकाळी गाड्या तुंबल्या की त्या न उघडताच धुवायच्या, पुसायच्या, चकचकीत करून दारात उभ्या करायच्या. आतल्या भाषेत याला 'पाणी-पॉलिश' म्हणत. गिऱ्हाईक चमक बघूनच खूश. दुकानातली माणसं मात्र स्वतःच्या गाड्या सुटीच्या दिवशी गुपचूप पुलापलीकडच्या डीलरकडे न्यायची, आणि तिथे एकमेकांना दिसली की तोंड फिरवायची. मिठूही त्यातलाच.

तरी मालकाने शोरूमच्या दर्शनी भिंतीवर फोटो लावले होते, नोकरांच्या नातेवाइकांचे, नव्या गाडीसोबत. वर मोठ्या अक्षरांत 'आमच्या घरची माणसंही इथूनच घेतात'. गिऱ्हाईक ती भिंत बघून विरघळायचं. मिठूच्या घरचा फोटो तेवढा नव्हता, आणि मालक येताजाता टोचायचा, "काय मिठू, तुझ्या घरचे चालतच फिरतात का?"

हे सगळं एक वेळ त्याने पचवलं असतं. पण त्याच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या शिंपीकाकांचं काय करायचं?

काकांनी गाडी घेतली ती केवळ मिठूच्या शब्दावर. पुढचा ब्रेक सैल लागतो म्हणून त्यांनी ती सर्व्हिसिंगला दिली होती. संध्याकाळी किल्ली न्यायला ते आले, तेव्हा मिठूने आत जाऊन विचारलं, "ब्रेक बघितला का रे?" मेकॅनिक हात पुसत हसला. "पाणी-पॉलिश." बाहेर काका ताटकळत उभे. मालक काउंटरवर. मिठूने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "काका, नव्यासारखी झालीय बघा."

दुसऱ्या दिवशी काका पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण काकांच्या मनाने मात्र भलतंच घेतलं. "ब्रेक दाबला होता मी," ते भेटेल त्याला सांगायचे, "पण बोटांत जोरच राहिला नसेल. वय झालं, दुसरं काय!" आता ते कापडाला कात्री लावायला घाबरत. आलेली कामं परत पाठवत. आणि मिठू दिसला की आवर्जून म्हणत, "तुमची गाडी चांगली हो, चालवणाराच कुचकामी निघाला."

मिठू त्यांना चुकवण्यासाठी मागच्या जिन्याने ये-जा करू लागला होता.

शनिवारी जेवताना त्याने बायकोला चाचपून बघितलं. "एवढी घाई काय आहे त्याला? पुलापलीकडे एक बरं दुकान आहे म्हणे."

"म्हणे?" तिने पोळी तव्यावरच ठेवली. "तुम्ही रोज जगाला सांगता आमच्यासारखं दुकान नाही, आणि माझ्या भावाला दुसऱ्याच्या दारात पाठवता? माझ्या माहेरचं काही निघालं की तुमच्या कपाळाला आठ्या पडल्याच म्हणून समजा!"

खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तो ताटातलं चिवडत राहिला.

रविवारी मेव्हणा इस्त्रीचा शर्ट घालून शोरूममध्ये हजर. मालकाने स्वतः पुढे होऊन त्याला खुर्ची दिली, कॅमेरा मागवला. मेव्हण्याने भिंतीवरचे फोटो बघितले, एका गाडीच्या टाकीवर हात फिरवला आणि सरळ मिठूकडे वळला.

"दाजी, मी सर्व्हिसवाला माणूस. बाकी कुणाचं ऐकत नाही. तुम्ही एक सांगा, इथलं काम कसं आहे?"

नेहमीचं वाक्य जिभेवर तयारच होतं. त्याने तोंड उघडलं, आणि वाक्य आलंच नाही. उतारावरून निघालेला मेव्हणा डोळ्यांसमोर आला, मागे बसलेली मेव्हण्याची बायको.

"आज नको," तो म्हणाला. "घरी बोलू."

मालकाचं हसू जागच्या जागी विरलं. मेव्हण्याचे कान लाल झाले. "कळलं दाजी," तो म्हणाला, "नात्यातल्या माणसाला सवलत द्यायला नको म्हणून ना? सरळ सांगायचं होतं." आणि तडक बाहेर पडला.

"उद्या सकाळी माझ्या केबिनमध्ये," मालक म्हणाला. मिठूने मान हलवली आणि मेव्हण्यामागे धावला.

मिठू घरी पोहोचला तोवर मेव्हण्याने बहिणीपुढे सगळा पाढा वाचला होता. ती कंबरेवर हात ठेवून उभी. "चारचौघांत अपमान केलात माझ्या भावाचा! शोभलं का?"

"तिथे घेऊ नकोस," मिठू मेव्हण्याला म्हणाला. आवाजातला सगळा गोडवा गेला होता. "काम करत नाहीत. गाड्या धुवून देतात, उघडतही नाहीत. माझी गाडी मी पुलापलीकडे नेतो. आम्ही सगळेच नेतो."

मेव्हणा खाली बसला. म्हणाला, "दाजी, वाचवलंत मला."

काका प्लास्टरमध्ये होते तो महिनाभर बायको सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन काकूंना हातभार लावत होती. काकांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती तेही तिने बघितलं होतं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काकांची गाडीसुद्धा?" तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली.

"माझा भाऊ तुमच्या घरचा, म्हणून त्याला सांगितलंत," ती म्हणाली. "आता खाली जा. आत्ताच्या आत्ता."

जाणं जिवावर आलं होतं, पण तो पुढच्या जिन्याने गेला. काका बंद मशीनपाशी नुसतेच बसले होते. मिठूला बघून त्यांचा चेहरा खुलला. "या, या! मिळाली का मेव्हण्याला गाडी? परवा जिन्यात भेटला होता. म्हटलं, दाजींच्या शब्दावर डोळे मिटून घे."

मिठू उभाच राहिला. "काका, त्या दिवशी तुमचा ब्रेक कुणी बघितलाच नव्हता. नुसती गाडी धुतली होती. तुमचा हात चुकला नाही."

उजव्या हाताची मूठ काकांनी मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"म्हणजे... माझा हात नव्हे?"

"नाही काका."

"अगं ए, ऐकलंस का!" काका केवढ्याने ओरडले. "ब्रेक गेला होता! हाताला काही झालेलं नाही माझ्या! वेड्यासारखा स्वतःलाच शिव्या घालत बसलो होतो इतके दिवस!" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घाईघाईने त्यांनी कुणाचं तरी परत पाठवायला बांधून ठेवलेलं कापड सोडलं, टेबलावर पसरलं, कात्री घेतली. त्यांनी उठून थोबाडीत मारली असती तर मिठूला ते सोसलं असतं. हा आनंद सोसवेना.

काकू आतून आल्या. त्या हसत नव्हत्या.

"तुम्हाला हे कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

काहीतरी गोड, काहीतरी मोघम सांगता आलं असतं. त्यात तर त्याचा हातखंडा.

"किल्ली दिली तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला.

काकांची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली.