चौथा भिडू

दाजींना वेडाची भारी हौस. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या. त्यांच्या भिंतभर कपाटात वेडावरची पुस्तकं होती, वेडावरचे सिनेमे होते आणि वेडावरचे पटावरचे खेळही होते. त्यांतला वेडा एक तर सुरी घेऊन माणसं कापत सुटायचा, नाहीतर डॉक्टरलाच आयुष्याचा अर्थ सांगायचा. गोळ्यांनी वजन वाढलेला, हात थरथरतो म्हणून चहा सांडणारा आणि दुपारभर घोरणारा वेडा त्या अख्ख्या कपाटात औषधालाही नव्हता. त्याचं तिकीट कोण काढणार?

तसला एक मात्र दाजींच्याच घरात, आतल्या खोलीत होता. ताईचा धाकटा भाऊ. इस्पितळातून सोडताना डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या होत्या, "गोळ्या आम्ही देतोय, पण त्याला माणसांत बसवा. ते आमच्याकडे मिळत नाही." धाकटा पिशवी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा दाजी म्हणाले, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यांनी धाडलं घोडं." आणि स्वतःच हसले. म्हण जुनी असली तरी हसू त्यांचं स्वतःचं होतं, एवढंच काय ते.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. घर तिच्याच पगारावर चालायचं, कारण दाजी खेळ तयार करत होते. दुकानाच्या किल्ल्याही तिच्याचकडे असायच्या. मालकीणबाई दोनदा म्हणाल्या होत्या, "वरची खोली रिकामी आहे गं, भावाला घेऊन ये." ताईने दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली. चांगलं घर असताना खोली कशाला? भाऊ आपल्या घरात, चार माणसांत बसावा, एवढंच तिला हवं होतं.

दाजींच्या खेळाचं नाव 'वेडघर'. खेळ छापणाऱ्या कंपनीचा माणूस तो बघायला येणार म्हटल्यावर दाजींनी सकाळपासून पडदे ओढून ठेवले आणि ताईला बजावलं, "आज तुझ्या भावाला आतच राहू दे. पाहुण्याचा मूड जायला नको."

पण ऐन वेळी दाजींच्या मित्राने येत नसल्याचं कळवलं, आणि खेळाला चार भिडू लागायचे. अडला हरी. दाजी स्वतः आत गेले आणि साखरेत घोळवलेल्या आवाजात म्हणाले, "चल रे, जरा मजा करू."

धाकटा स्वच्छ शर्ट घालून बाहेर आला. पाहुण्याला नमस्कार करून पाठ ताठ ठेवून बसला. ताईचा जीव सुपाएवढा झाला. खेळ कसा का असेना, भाऊ माणसांत बसला होता.

नियम सोपे होते. प्रत्येकाला शुद्धीचे पाच मणी. आपल्या पाळीला पत्ता उचलायचा, मोठ्याने वाचायचा आणि त्यात सांगितलेले मणी भरायचे. मणी संपले की भिडू वेडा झाला. त्याने खुर्ची फिरवून टेबलाकडे पाठ करायची, गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याशी बोलायचं नाही.

"हीच तर गंमत आहे," दाजी म्हणाले. पाहुण्याने मान डोलावली. हे दोघे कधी कोणाकडे पाठ करून बसले नव्हते, हे सांगायलाच नको.

धाकट्याच्या नशिबी वाईट पत्ते आले. तो ते न अडखळता वाचत होता आणि थरथरत्या बोटांनी मणी नीट मध्ये ठेवत होता. एकच मणी उरला. त्याने पत्ता उचलला.

"तुम्ही बूट घालून झोपता," त्याने वाचलं. "कारण घर कधी सोडावं लागेल सांगता येत नाही. एक मणी भरा."

पाहुणा खो-खो हसला. "बूट घालून! अहो, हे सुचतं कसं तुम्हाला?"

"निरीक्षण," दाजी म्हणाले. "आणि थोडी प्रतिभा."

ताईच्या कानशिलातून आग निघाली. हे वाक्य धाकट्याने फक्त तिला सांगितलं होतं, आणि त्याला भरती केलं त्या आठवड्यात तिने ते उशीत तोंड खुपसून दाजींना सांगितलं होतं. दाजी किती मन लावून ऐकत होते तेव्हा! मध्ये मध्ये "मग? अजून काय करतो?" असंही विचारत होते. असा नवरा मिळाला म्हणून तिने देवाला हात जोडले होते. आणि हा मेला आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होता.

धाकट्याने पत्ता पुन्हा एकदा मनात वाचला. ताईकडे बघितलं नाही. शेवटचा मणी ठेवला, उठला, आवाज न करता खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. सराव असल्यासारखा.

"बाळा," ताई म्हणाली, "चहा टाकू का तुला?"

"अगं, बोलायचं नाही त्याच्याशी!" दाजी वैतागले. "खेळाचा सगळा रंग जातो."

ताईने आपले उरलेले चारही मणी टेबलावर सोडले. खुर्ची ओढत नेली आणि भावाच्या शेजारी, टेबलाकडे पाठ करून बसली.

मग पाहुण्याने मांडीवर थाप मारली.

"वा! एक वेडा झाला की त्याच्या घरचं माणूसही जातं! हा नियम ठेवाच हो. यावर खेळ विकला जाईल."

आणि दाजींनी काय करावं? खिशातलं पेन काढलं. मागे ते लिहिल्याची खरखर ताईला स्पष्ट ऐकू आली.

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती फक्त किळस.

"तुझे बूट कुठे आहेत रे?" तिने विचारलं.

"दाराशी," धाकटा हळूच म्हणाला. "आता नाही घालत झोपताना. खरंच, ताई."

"घाल," ती म्हणाली. "तुझंच बरोबर होतं."

तिने खुंटीवरची पर्स घेतली आणि आत दुकानाच्या किल्ल्या आहेत ना, ते चाचपून बघितलं. धाकटा दाराशी बसून नाड्या बांधत होता. बोटं थरथरत होती, गाठ बसत नव्हती. तिने बांधून दिली नाही. तो बांधेपर्यंत थांबली.

"अगं, पाळी तुझी आहे!" मागून दाजी ओरडले.