नापसंत फोटो

गादीचा पहिला फोटो मी अगदी मन लावून काढला होता, आणि कहकशांने तो बघितल्याबरोबर मला फोनवरच झापलं.

"अब्बा, हे काय पाठवलं? फाटकी गादी कोन घेईन?"

"फाटकी नाही बेटा, शिवण मुद्दाम उसवली. आतला कापूस दिसला पायजे का नाही?"

पांढरकवड्यात गादी अशीच विकली जाते. गिऱ्हाईक दुकानात येतं, वरच्या कापडाकडे ढुंकून बघत नाही, गादीच्या उघड्या तोंडातून सरळ हात आत घालतं, चिमूटभर कापूस ओढतं आणि बोटांत धरून ताणतं. तंतू लांब आला तर सौदा, नाहीतर आपला रस्ता. ज्याच्या घरात जन्मभर कापूस पिकला त्याला कापडाची फुलं दाखवून कोण फसवणार? म्हणून मी शिवण उसवली, कापसाचा चांगला मोठा पुंजका बाहेर काढला आणि फोटो घेतला. त्याहून चांगला फोटो असू शकतो हे मला पटतच नव्हतं.

"नेटवर गादी घेणाऱ्या पुण्यातल्या बाईले तंतू समजत नाही अब्बा," कहकशां म्हणाली. "तिले झोप दिसली पायजे."

"झोपेचा फोटो कसा काढू? मी पिंजारी आहो, जादूगार नाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं हसणं ऐकलं.

कहकशां माझी एकुलती एक लेक. लग्न होऊन हैदराबादला गेली. तिचा नवरा फैज तिकडचाच. तिथल्या एका कंपनीच्या ऑनलाइन दुकानात चादरी, पडदे, उशा विकतात, आणि कुठल्या वस्तूचा कुठला फोटो लावायचा हे ती ठरवते. एवढ्याच कामाचा पगार मिळतो, यावर पहिले सहा महिने माझा विश्वास बसला नव्हता. तिची आई अकीला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत मी एकटा होतो, आणि मला करमत नव्हतं. उगाच कशाला लपवू?

ते बोंडअळीचं वर्ष, कापूस बुडालेला. आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं पुढे ढकलली गेली. आमच्याकडे नवरीसोबत गाद्या-उशा देतात, त्यामुळे लग्न नाही तर पिंजाऱ्यालाही काम नाही. माझं कापूस पिंजायचं मशीन आठवड्यातून एखादा दिवस फिरायचं, आणि तेही गंजू नये म्हणून. तेव्हा कहकशांने माझ्या दुकानाचं एक पान नेटवर उघडून दिलं आणि म्हणाली, तुम्ही फक्त फोटो पाठवा, निवडायचं काम माझं.

त्याआधी तिचा फोन पंधरा दिवसांतून एकदा यायचा. तब्येत कशी आहे, गोळ्या घेतल्या का, जेवलात का, ठेवते. एक मिनिट, फार तर दीड. मी "सगळं ठीक" म्हणायचो, कारण एका मिनिटात दुसरं काय सांगणार? पण फोटो सुरू झाले आणि फोन लांबले. फोटो नापसंत पडला की ती अर्धा अर्धा तास समजावून सांगायची. गादीखाली सतरंजी नको. पाठीमागे भिंत साफ पाहिजे. मग भिंतीवरून विषय निघायचा.

"तो पिवळा रंग अजून तसाच आहे का?"

"तसाच आहे. तुझ्या अम्मीनं निवडलेला."

"खराबच निवडला होता," ती म्हणायची, आणि आम्ही दोघं हसायचो. हैदराबादच्या घरात तिच्याशी आपली बोली बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून ती माझ्याशी पोटभर वऱ्हाडी बोलून घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात एक फोटो तिला बरा वाटला. "हा चालते," म्हणाली आणि तीन मिनिटांत फोन ठेवला. पुढचे दहा दिवस काही नाही. मी फोन चार्जिंगला लावून त्याच्याकडे बघत बसायचो. अकराव्या दिवशी मी कळवलं की त्या कापडाची गादी संपली, दुसरा फोटो काढावा लागेल. संपली कसली, कोपऱ्यात गुंडाळून ठेवली होती.

तिथून माझा हा उद्योग सुरू झाला. खराब फोटो काढायलाही अक्कल लागते, कुणी काही म्हणो. फारच खराब काढला तर तिला संशय येणार, बरा आला तर ती पसंत करणार. एकदा अंगठा अर्धा आला. एकदा गादीच्या कोपऱ्यावर शेजारची शेळी. एकदा हात हलला, तेव्हा मी तिला म्हातारपणाचं कारण दिलं, आणि त्या दिवशी ती चाळीस मिनिटं बोलली.

एका गोष्टीवर मात्र मी खरंच भांडलो. तिला गादीवर झोपलेलं माणूस हवं होतं. म्हणे माणूस दिसला की बघणाऱ्याला ती जागा आपली वाटते.

"ते जमणार नाही," मी म्हटलं. "लग्नाच्या गादीवर पहिलं अंग नवरा-नवरीचंच टेकलं पायजे. मी तिच्यावर लोळलेला फोटो इथं कोनी पाह्यला, तर केळापूरपर्यंत एक गादी विकल्या जाणार नाही."

"मग बसा तरी बाजूले. तुमी दिसा."

"मले कायले दाखवते? मी काय विकाऊ आहो?"

असे पाच महिने गेले. पानावर धड फोटो नाही, म्हणून ऑर्डरही नाही. समोर उकंडाचं चहाचं दुकान. उकंडा माझ्याच वयाचा, माझ्याकडे रोज दोनदा चहा घेऊन येणारा, आणि माझ्या बंद मशीनची माझ्याहून जास्त काळजी करणारा. एका सकाळी त्यानं मला गादीवर मुद्दाम ओला फडका टाकून फोटो काढताना पकडलं.

"रहमतभाऊ, पागल झाले का? स्वतःच्या मालाले कोनी असं करते?"

मी त्याला खरं सांगितलं. त्यानं चहा ठेवला आणि गेला.

दोन दिवसांनी मी गादीला टाके घालत होतो. गुडघा गादीवर दाबून, लांब सुई आरपार काढून, दोरा ओढत होतो. उकंडानं "पाहू द्या जरा" म्हणत माझा फोन उचलला, फोटो काढला आणि माझ्यादेखत कहकशांला पाठवून दिला.

"कायले पाठवला बे?" मी ओरडलोच.

"दुकान बंद पडलं तर पोरीले काय तोंड दाखवसान?" तो म्हणाला.

कहकशांचा लगेच फोन आला. "अब्बा, हाच! हाच पायजे होता!" पानावर लावताना तिनं माझा चेहरा कापला. हात, सुई, दोरा आणि पट्ट्यापट्ट्यांचं कापड एवढंच ठेवलं. चेहरा असला की लोक चेहऱ्याकडेच बघत बसतात, म्हणाली. महिनाभरात पुण्याहून ऑर्डर आल्या, नागपूरहून आल्या, एक तर नाशिकहून. मशीन रोज फिरायला लागलं. पुसदला ओळखीच्यांना सांगून अजून कापड आणावं लागलं. उकंडा छाती काढून फिरायचा, आणि मला त्याचा राग धरणंही जमेना. पण कहकशांचे फोन पुन्हा पहिल्यासारखे झाले.

दोन महिने कसे तरी काढले. मग एका दुपारी मीच फोन लावला.

"काय झालं अब्बा?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही. म्हटलं, नवा फोटो लागते का."

"नाही. तोच मस्त चालून राह्यला."

मग तीच म्हणाली, "अब्बा, एक विचारू? परवा तुमचे जुने फोटो पुसून राह्यलती. एक्केचाळीस होते. पहिला शिवण उसवलेला होता, पन साफ होता, सरळ होता. नंतरचे बिघडतच गेले. माझं कामच आहे ना फोटो पाहाचं. तुमी मुद्दाम खराब काढत होते का?"

हो म्हणायला एक अक्षर लागतं. पण चोरी पकडली गेली की माझं डोकं आधी तापतं, हा माझा जुना रोग. अकीलानं तो जन्मभर सोसला.

"मले दुसरे धंदे नाही का?" मी खेकसलो. "म्हातारा मानूस. जसे आले तसे पाठवले."

"बरं," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला. "त्यातले तीन-चार चांगले होते अब्बा. मीच उगाच नापास केले."

"काहून?"

"असंच." पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. "जाऊ द्या. ठेवते."

मी लगेच परत फोन लावायला हवा होता. तिच्या नावावर बोट नेलंही. पण आता लावायचा म्हणजे आधी खोटं बोललो हे कबूल करायचं, आणि तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. मी फोन खिशात टाकला आणि नाशिकच्या नव्या ऑर्डरची गादी शिवायला घेतली.