चंपाची वसुबारस

बेंगळुरात राहून वसुबारस करायची म्हणजे आधी गाय शोधा. इंदिरानगरात गाई फिरतात, नाही असं नाही, पण मंडळातल्या बायका निरांजन घेऊन पुढे सरकल्या की त्या पाठ फिरवून बेकरीकडे चालू लागतात. त्यामुळे सुलभाबाई वर्षानुवर्षं पितळेच्या गाय-वासरावर भागवत होत्या. यंदा मात्र त्यांनी मंडळात ऐटीत जाहीर करून टाकलं, "आमच्या शमिकाकडे गाय आहे!"

आता ती गाय शमिकाची नव्हती, विद्यापीठाची होती. शमिका हेब्बाळला पशुवैद्यकीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. जनावरांचं शरीर चालतं कसं, हा तिचा अभ्यास, आणि प्रबंधाचा विषय गाईचा रवंथ. त्या गाईचं नाव चंपा, आणि तिच्या गळ्यात एक पट्टा होता. चंपा रवंथ करायला लागली की शमिकाच्या फोनवर एक रेघ नाचायची. ही पोरगी जेवताना फोन बघून गालात हसते म्हटल्यावर तिच्या आईला, म्हणजे सुलभाबाईंना, आधी वाटलं, कुणी मुलगा आहे की काय. निघाली गाय!

"या ना सगळ्याजणी," शमिका उत्साहानं म्हणाली. "सरांनी हो म्हटलंय. फक्त चारायचं काही नाही हं आई. ती प्रयोगातली गाय आहे, तिचं खाणं तोलून-मापून असतं."

"छे गं, नैवेद्य नुसता दाखवायचा असतो," आई म्हणाली.

दिवेलागणीला बायका आल्या. जरीच्या साड्या, ताटं, डबे, गोठ्यात नुसती जत्रा. वासरू शेजारच्या दावणीचं उसनं आणलं होतं. पण शमिकाला दाखवायचं होतं ते भलतंच. चंपाच्या डाव्या कुशीवर रबराचं गोल झाकण होतं. ते उघडलं की थेट पोटात हात जाईल अशी खिडकी.

"अगंबाई! दुखत नाही तिला?" वसुमतीकाकूंनी पदर तोंडाला लावला.

"अजिबात नाही!" शमिकाच्या उत्साहाला ऊतच आला. "ऐका काकू, गाय चारा खाते ना, तो स्वतःसाठी नाहीच. आत कोट्यवधी जंतू राहतात, त्यांची पंगत असते ही. ते चारा कुजवतात, त्यावर गाय जगते. आणि रवंथ म्हणजे काय, तर त्या पाहुण्यांसाठी घास पुन्हा वर आणून बारीक करून देणं!" ती बोलत सुटली. डोळे चमकत होते, हात हवेत नाचत होते. असं ऐकणारं माणूस तिला सबंध वर्षात मिळालं नव्हतं. चंपासुद्धा किती शांत उभी होती!

शांत न राहून करते काय? खिडकी होती कुशीकडे, आणि अर्धं मंडळ होतं तोंडाकडे.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सकाळी उठून शमिकानं फोन बघितला, तर रेघ आडवी. तिला वाटलं, पट्टा सरकला असेल. ती तशीच पारोशी हेब्बाळला धावली. पट्टा जागच्या जागी होता. चंपा मान टाकून उभी होती, कान लोंबलेले, समोरचा चारा जसाच्या तसा.

तिचे मार्गदर्शक डॉ. रघुनंदन सणाची सुट्टी सोडून आले. फारसं न बोलणारे गृहस्थ. "झाकण उघड," त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. उघडल्याबरोबर आंबट भपकारा आला. शमिकानं खांद्यापर्यंत हातमोजा चढवून आत हात घातला. चाऱ्याऐवजी पिठाचा राडा लागला. मूठ बाहेर काढून उघडली, तर त्यात गुळमट पुरण, गवारीची अख्खी शेंग आणि एक सुपारी!

सरांनी ती सुपारी चिमटीत धरून उजेडाकडे नेली. "अडिके," ते म्हणाले. सुपारीला कन्नडमध्ये अडिके म्हणतात. "शमिका, आपल्या खाद्यात अडिके कधीपासून आली?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं पोरीला. "सर, काल पूजा होती. मी बोलत राहिले, माझं लक्ष नव्हतं," तिनं सांगून टाकलं.

सर रागावले नाहीत, तेच वाईट. त्यांनी आतल्या पाण्याची आम्लता मोजली आणि भुवया चढवल्या. "एवढा स्टार्च एकदम पडला, आम्ल झालं, जंतू मेले. आता संध्याकाळपर्यंत रवंथ सुरू झाला पाहिजे. नाही झाला तर चंपा प्रयोगातून बाद. प्रयोग जाऊ दे, गाय हातची जाईल."

शमिकानं बाहेर येऊन आईला फोन लावला. "काय काय चारलंत तुम्ही तिला?"

"मी एकच घास दिला गं, बाजरीच्या भाकरीचा. ती बघत होती माझ्याकडे."

"बाकीच्यांना विचार. आत्ता!"

मंडळाच्या ग्रुपवर चौकशी झाली. उत्तरं धडाधड आली. वसुमतीकाकू : एकच वडा. दुसऱ्या काकू : पुरणाचा एकच मुटका. तिसऱ्या : भाताची एकच मूद. विडा कुणाचा, ते कुणी कबूल करेना. वीसेक बायकांचा एकच घास, म्हणजे पाटीभर ऐवज झाला होता.

"आता काय करायचं गं?" आईचा आवाज रडवेला झाला.

"सगळं पोट उपसून धुवायचं. मग निरोगी गाईच्या पोटातलं पाणी आणून हिच्या पोटात घालायचं, म्हणजे जंतू परत येतील. खिडकीवाली दुसरी गाय यशवंतपूरच्या पलीकडे आहे, एका संशोधन केंद्रात. पण ते पाणी इथवर गरम राहायला हवं, थंड झालं की जंतू मेले. आणि आमचा मोठा थर्मास कपाटात आहे, किल्ली घेऊन माणूस गावाला गेलाय!"

मग आईचा आवाज एकदम बदलला. "कोजागिरीचे तीन थर्मास आहेत आपल्या मंडळाचे. मसाला दूध पहाटेपर्यंत चटका देतं. पत्ता पाठव, मी निघालेच."

इकडे सर आणि शमिकाची मैत्रीण रक्षिता यांनी चंपाचं पोट उपसायला घेतलं, आणि तिकडे मायलेकी यशवंतपूरला भेटल्या. आईनं नेसूची साडीही बदलली नव्हती. थर्मास गरम पाण्यानं विसळून घेतले, हिरवट-तपकिरी पाणी फडक्यातून गाळून काठोकाठ भरलं. हवा राहिली तरी जंतू मरतात. मग दोघी रिक्षात बसल्या. एक थर्मास शमिकाच्या मांडीवर, दोन आईच्या, पदराखाली झाकून.

आणि रस्ता? धनत्रयोदशीची गर्दी! अख्खं बेंगळुरू सोनं नाहीतर फटाके घ्यायला बाहेर पडलेलं. हेब्बाळच्या पुलाआधी रिक्षा जी थांबली ती थांबलीच. थर्मासच्या बुचातून वास यायला लागला. रिक्षावाल्यानं नाक उडवत मागं बघितलं. "एनम्मा, सांबारा?"

"हौदु अण्णा, स्वल्प हुळि आगिदे," आई शांतपणे म्हणाली. हो रे बाबा, जरा आंबलंय. शमिकाला एवढ्या काळजीतही हसू फुटलं. आईही हसली, पण डोळ्यांत पाणी होतं.

"तुझं वर्ष वाया गेलं तर माझ्यामुळे गं."

"वर्षाचं नाही गं आई," शमिका म्हणाली. "मला ती चंपा पाहिजे."

आईनं तिचा हात घट्ट धरला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "अण्णा, गल्लीतून घाला. कुठूनही घाला!" आणि त्यानं घातली! कोणाच्या कुंड्यांना घासून, कोणाच्या रांगोळीला चुकवून, एका फटाक्यांच्या मांडवातून जवळजवळ आरपार. शमिका थर्मास छातीशी धरून ओरडत होती, "सरी, सरी, राइट!" म्हणजे बरोबर, चला पुढे.

चंपाचं पोट धुऊन तयार होतं. आत कोरडा चारा भरला, वर तिन्ही थर्मास ओतले, वाफ निघत होती अजून. झाकण लावलं.

"आता?" आईनं विचारलं.

"आता वाट बघायची, अम्मा," सर म्हणाले.

दुपार गेली. आई गोठ्याच्या पायरीवर बसून राहिली. घरून आणलेला डबा तिनं उघडला नाही. "तिनं तोंड हलवल्याशिवाय मी हलवणार नाही," म्हणाली. शमिका फोनवरची आडवी रेघ बघून बघून थकली आणि फोन तिनं खिशात टाकला. ऊन भिंतीवरून वर सरकलं. दूर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. चंपानं कान उभे केले. सकाळपासून पहिल्यांदा.

"शमे," आई कुजबुजली. "तिच्या गळ्याकडे बघ."

चंपाच्या गळ्यातून एक गोळा वर चढत होता. सावकाश, पट्ट्याखालून, जबड्यापर्यंत. चंपा क्षणभर थांबली. मग तिचा खालचा जबडा आडवा सरकला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि ती चावायला लागली.

"सर! सर!! आला! रवंथ आला!" शमिका किंचाळली आणि रक्षिताला मिठी मारून गरागरा फिरली. खिशात फोन थरथरत होता, बघायला वेळ कुणाला? रघुनंदन सर चष्मा पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते. "आजचा दिवस प्रबंधात घालायचा," ते म्हणाले. "लपवायचं काही नाही. अडिकेसकट."

"आणि चंपा, सर?"

"चंपा राहील. चारणारी माणसं मात्र तोंडाकडे उभी करू नकोस."

आई चंपाकडे बघतच होती. "इतकी वर्षं गाईची पूजा केली," ती म्हणाली, "हळदकुंकू वाहिलं, पाय धुतले. ती चावते कशी, ते कधी बघितलंच नव्हतं गं."

मग तिनं डबा उघडला. कालचीच भाकरी, गवारीची भाजी. शमिकाला एकदम कडकडून भूक लागली, पण हात चारदा साबण लावूनही खांद्यापर्यंत घमघमत होते.

"राहू दे, मी भरवते," आई म्हणाली. "आ कर. एकच घास."

शमिकानं खाल्ला. समोर चंपा डोळे मिटून चावत होती.

"आई, पुरे आता, सर बघतायत."

"बघू देत," आई म्हणाली, आणि पुढचा घास मोडला.