सौम्याबाईंच्या हनुवटीवरचं तण

मित्रांनो, बेळगावातल्या एका त्वचेच्या दवाखान्यात, आतल्या खोलीत, चाकांवर उभं असलेलं फ्रीजसारखं जे दिसतं ते मी. केस काढायचं लेझर मशीन. आता जुनं झालेलं. माझ्या अंगावर 'हात लावू नये' असं तीन भाषांत लिहिलंय, आणि तिन्ही भाषांतले लोक हात लावून बघतात.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पाठीवर छापलंय, पण मला माझी पाठ दिसत नाही. मला फक्त काळं कळतं. माझा उजेड कातडीतून आत शिरतो, केसातला काळा रंग तो उजेड पितो, तापतो आणि मूळ भाजून निघतं. पांढरा केस माझ्या लेखी जन्मालाच आलेला नाही. एकदा मारुतीराव नावाचे गृहस्थ कानावरचे पांढरेशुभ्र केस घेऊन आले होते. आमची भेटच झाली नाही.

आल्या दिवसापासून मी गोंधळलेलाच आहे. समोरच्या खोलीत टकलावर केस लावतात. लोक एकाच दारातून आत येतात. अर्धे डावीकडे वळून केस मागतात, अर्धे उजवीकडे वळून केस नकोत म्हणतात. मधल्या बाकावर बसून त्यांनी आपसांतच का मिटवू नये, हे मला अजून उमगलेलं नाही.

तरी सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. डॉक्टर केतकी दर खंडेनवमीला मला हार घालायच्या. पहिल्या वर्षी तर कुंकवाचं बोट नेमकं माझ्या काचेवर टेकवलं होतं. पुढे नवी मशीनं निघाली, आणि माझ्यावर लोक पर्स ठेवू लागले.

अशात जून महिन्यात सौम्या आली. ती खानापूरकडच्या शेतकरी घरातली, बेळगावात आत्याकडे राहून शाळेत शिकवणारी. करोना संपला, पण तिचा मास्क संपला नव्हता. नोकरीला लागल्यापासून दोन वर्षं तिनं तो वर्गात काढला नव्हता, कारण खाली हनुवटीवर दाट काळे केस होते. आता वीस डिसेंबरला शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि सूत्रसंचालन तिच्याकडे आलं होतं. हेडमास्तर म्हणाले होते, "बाई, मास्कमधनं आवाज पोत्यातनं आल्यागत येतोय. त्या दिवशी तेवढा काढा."

"तोवर जातील काय?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. "सगळे केस एकदम वाढत नाहीत. जे वाढत असतात तेवढेच मशीनला सापडतात, बाकीचे झोपलेले असतात. म्हणून महिना-सव्वा महिन्यानं परत यायचं, सहा-आठ वेळा. रबर तुटून लागल्यासारखं चटकतं, दिवसभर लाली राहते, उन्हात सनस्क्रीन लावायचं. आणि तुझं हार्मोनमुळे आहे, त्यामुळे पुन्हा थोडे येत राहणार. कमी होतील. कायमचे गेले असं मी लिहून देणार नाही. येताना आदल्या दिवशी वस्तरा फिरवून ये."

सौम्याची आत्या, यशोदाबाई, शेजारी बसून सगळं ऐकत होती. वस्तरा म्हटल्यावर तिनं कपाळाला आठी घातली.

जून, जुलै, ऑगस्ट. तीन वेळा थंडगार जेल लागलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढला, मी मनापासून उजेड मारला. मला काळं असं काही लागतच नव्हतं. मला वाटलं, माझीच नजर गेली. डॉक्टरही म्हणाल्या, "मशीनच म्हातारं झालंय बहुतेक. ऑगस्ट गेला, फरक काही नाही." सौम्या उठून बसली आणि तिनं मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

सप्टेंबरात डॉक्टरांनी आधी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं.

"सौम्या, वस्तरा कुठला वापरतेस?"

सौम्यानं आत्याकडे बघितलं. उत्तर आत्यानं दिलं, तेही छाती पुढे काढून. "वस्तरा कशाला? हितं यायच्या आदल्या दिवशी दोऱ्यानं काढतो मी. मुळासकट! एकबी ठेवला न्हाय."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. "मुळासकट?"

"मग? पोरीच्या तोंडाला वस्तरा लावला की दाढी येती. आणि डॉक्टरकडं यायचं म्हंजे रान साफ करून नको द्याला?"

"यशोदाबाई, वस्तऱ्यानं दाढी येत नाही. आणि उजेडाला मुळापर्यंत जायला आत केस लागतो."

"म्हंजे केस काढाला केस ठेवायचे?" आत्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. "ह्या मशीनला कळतंय काय ते तरी?"

तेवढ्यात सौम्या म्हणाली, "आत्या, तणनाशक मारायच्या आदी तण उपटतीस व्हय गं?"

"खुळी हैस काय? उपटलं तर औषद लागायचं कशाला? पानाला लागलं तर मुळात उतर..." आत्या थांबली. पिशवीतल्या दोऱ्याच्या रिळावर तिनं वरूनच हात ठेवला. "अगं बया."

"तेच."

"मग असं मराठीत सांगाचं न्हाय व्हय डॉक्टरीणबाईंनी!"

म्हणजे तीन महिने मी नांगरलेल्या रिकाम्या रानावर उजेड मारत होतो. मशीनला घाम येत नाही, पण त्या दिवशी यायला हरकत नव्हती.

डॉक्टरांनी महिनाभर काही उपटू नका म्हणून सांगितलं. मग ऑक्टोबरात एकदा आणि नोव्हेंबरात एकदा, असं दोनदा मला खरंखुरं काळं सापडलं. पहिल्या वेळेनंतर दहाव्या दिवशी आत्याचा फोन आला, "परत उगवाय लागल्यात!" ते भाजलेले केस बाहेर पडत होते. आठवड्यात गळून गेले. पण निम्मेच. उरलेले वीस डिसेंबरला जागच्या जागी होते; दोरा बंद, आणि वस्तऱ्यानं काळी सावली जात नाही.

सौम्या थेट संमेलनानंतरच आली. मास्कशिवाय. चष्मा चढवून आडवी झाली, आणि डॉक्टरांनी विचारलं, "संमेलनात मास्क काढलास?"

"हेडमास्तरांनी माईक हातात दिला, मग काय करणार. काढला. समोर सगळी पोरं गप झाली. मला वाटलं, संपलं. मग पयल्या रांगेतली आरोही वरडली, 'बाई, तुमाला दात हायत!' "

"केसांचं?"

"केसांचं कोण काय बोललंच न्हाय. गॅदरिंग झाल्यावर पोरं रांग लावून दात बघून गेली."

मग सौम्या हसू लागली, हनुवटी हलली आणि माझा नेम चुकला. मी थांबलो. वाट बघितली.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, माझ्यावर पर्स ठेवू नका. माझ्याकडे यायच्या आधी महिनाभर दोरा लावू नका. आणि तुमच्या बाईंना दात आहेत की नाहीत, हे विचारायला दोन वर्षं लावू नका.