दहाच्या आत

पहाटे पाचला पुण्याहून माझ्या मेहुण्याचा, मिहीरचा फोन आला. नाना, म्हणजे माझे सासरे, गेले. रात्री साडेआठला अग्नी देणार होते, आमच्या इथे सकाळचे दहा. फोनवरून सगळं दाखवू म्हणाला.

"पण दाजी, ताईला आत्ता सांगू नका. घरी पार्टी आहे. पाहुणे जेवून जाऊ देत."

आमच्याकडची ही रीतच. वाईट बातमी जेवणानंतर. मी बरं म्हणालो आणि ग्रिल पुसायला घेतला. खरं सांगतो, मला काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गाल असतो, तसं सगळं.

सहाला माझी बायको ऋता उठली. आम्ही आठ वर्षं न्यू मेक्सिकोत काढली. नेपरव्हिलला आल्यापासून दर ऑगस्टला ती बॅकयार्डमध्ये चाळीस जणांना तिकडचं जेवण घालते. हवाबंद डब्यातलं काही तिला चालत नाही. पिंटो बीन्स रात्रीच भिजत घातले होते. मी हिरव्या मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजत होतो, ती सोलत होती. मग मक्याच्या पानांत पीठ आणि सारण भरून आम्ही तमाले बांधायला बसलो. एरवी माझ्या बांधणीवरून ती दहा वेळा टोकते. आज एकदाही नाही. मला तेवढंच बरं वाटलं.

आठला सांगायचं ठरवलं. मग नऊला. साडेनऊला धीर करून तोंड उघडलं आणि बर्फ किती आणू असं विचारलं. माझ्यासारखा भित्रा माणूस मीच.

दहाला पाच कमी असताना मात्र राहवेना. रीत गेली खड्ड्यात, बाप तिचा आहे. हात धुऊन किचनमध्ये गेलो तर ती तिथे नव्हती. बॅकयार्डमध्ये पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसली होती. हातातल्या फोनमध्ये मिहीर खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या मारत होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. शेवटपर्यंत आम्ही दोघांनी पाहिलं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"सहाला. अस्मिताने मेसेज केला." अस्मिता म्हणजे मिहीरची बायको. "तुला पाचलाच सांगितलंय, हेही लिहिलं होतं."

मिहीरच नको म्हणाला होता, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"मिहीरचं राहू दे. चार तास तुझ्यासमोर बसले होते, शंतनू. तू तोंड उघडलंस की वाटायचं, आता सांगशील. मग मला रडता येईल."

तेव्हा कुठे मी म्हणालो, "ऋता, नाना गेले."

"हो," ती म्हणाली, आणि बीन्स खाली लागताहेत का ते बघायला आत गेली.