तुलनेसाठी

सून पेढीवर आहे, असं आमच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि कसली पेढी ते कुणी विचारायच्या आत चहा टाकायला उठतात. त्यात खोटं काहीच नाही. आमच्या पेढीत माणसांचे मेंदू ठेवलेले असतात. कुणी जिवंतपणी संमती दिलेली असते, कुणाच्या माघारी घरचे देतात, आणि मग अर्धा मेंदू औषधी पाण्यात आणि अर्धा गोठवून, असा तो तळघरातल्या कपाटात वर्षानुवर्षं राहतो. मेंदूचे काप करणाऱ्या बाई, वयाने माझ्या आईएवढ्या आणि जिभेने मिरचीएवढ्या, मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आपली पेढी बरी बघ. ठेव ठेवली की परत मागायला कुणी येत नाही."

मी मेंदूंना हात लावत नाही. माझं काम टेलिफोनवरचं. गेलेल्याच्या नातेवाइकांना काही महिन्यांनी फोन करायचा आणि माणूस कसा होता ते विचारायचं. हे कशाला लागतं, असं मी सुरुवातीला बाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकामागोमाग दोन काचपट्ट्या सरकवल्या. एक होती आयुष्यभर भिंतींशी भांडलेल्या माणसाची, दुसरी कसलाही आजार नसलेल्या कुणाची तरी.

"ओळख बघू, यातला भिंतवाला कुठला?"

मी बराच वेळ डोळा लावून बसले. दोन्हीकडे जांभळ्या रंगात बुडवलेल्या पेशी, सांडलेल्या मोहरीसारख्या.

"नाही ओळखता येत."

"मलाही नाही. मोठ्या डॉक्टरांनाही नाही, फक्त ते तसं म्हणत नाहीत. शेकडो मेंदूंतल्या पेशी मोजाव्या तेव्हा कुठे फरक हाती लागतो. आणि मोजून झालं तरी माणूस कसा होता, ते कुणीतरी सांगावंच लागतं. म्हणून तर तुझा पगार निघतो."

मोठ्या डॉक्टरांना खरी चणचण असते ती निरोगी मेंदूंची. उदासीने ज्याला आतून पोखरलं त्याच्या डोक्यात काय बिघडलं, हे कळायचं तर शेजारी एक न बिघडलेलं डोकं ठेवावं लागतं. अशा मेंदूंच्या कप्प्यावर 'तुलनेसाठी' एवढंच लिहिलेलं असतं. आम्हा कामावरच्या लोकांनीही संमती देऊन ठेवली आहे. माझी सही होताना बाई म्हणाल्या, "तू तर काय, आयतीच तुलनेसाठी."

आजारी माणसाचे नातेवाईक तासन् तास बोलतात, रडतात, मध्येच हसतातसुद्धा. तुलनेसाठीच्या माणसाबद्दल मात्र घरच्यांचं बोलणं सुरू होता होता संपतं. कोणत्या हाताने लिहायच्या? उजव्यानेच असेल. झोप? चांगली असावी. कशाची भीती वाटायची? नाही बुवा, तसं काही नाही. "शांत होती हो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." माझं लग्न ठरत होतं तेव्हा मावशीने माझं वर्णन ह्याच शब्दांत केलं होतं, आणि ते सगळ्यांना फार आवडलं होतं.

म्हणून शेवटी एक प्रश्न मी माझ्या पदरचा घातला. 'त्यांची एखादी गोष्ट अजून डोळ्यांसमोर येते का?' मोठे डॉक्टर म्हणाले, याचा शास्त्राला उपयोग नाही, पण विचारा हवं तर. मी तो खालच्या आवाजात विचारते आणि थांबते. फोनवरचा माझा आवाज घरच्या आवाजाहून वेगळाच आहे. उत्तर संपलंसं वाटलं तरी मी जरा थांबून राहते, कारण घाई केली की माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो.

घरी आम्ही तिघं. नवरा स्वभावाने चांगला, इतका की माझं बोलणं तो मान डोलावून ऐकतो आणि मग बोलणं कशाबद्दल होतं ते विचारतो. सासूबाई रागावत नाहीत, लाड करत नाहीत, त्यांच्या खुर्चीत दाराकडे पाठ करून बसतात. नव्या घरात आपलं काही नसतं. चमचे कुठल्या खणात असतात एवढं कळायलासुद्धा दिवस जातात. ते कळले. मी मात्र कुणाला कळले की नाही, हे समजायला मार्ग नव्हता. एकदा जेवताना मी सहज म्हटलं, "मी कोणत्या हाताने लिहिते, सांग बरं."

"उजव्या," नवरा म्हणाला. "का? परीक्षा आहे का?"

"आहे तर. नापास."

"म्हणजे डावखुरी? आई, ऐकलंस का? आपली फसवणूक झाली!"

तो हसला, मीही हसले. सासूबाईंनी भांडी गोळा केली आणि आत गेल्या. सुरी ओट्यावर नेहमीप्रमाणे डावीकडे होती. मीच ठेवली असणार, असं मला वाटलं.

पुढे एके दिवशी पेढीतले सगळे फोन सकाळपासून बंद पडले. दुरुस्तीवाल्याने वाट पाहायला लावली, मग उद्यावर ढकललं, आणि बाईंनी मला घरी पिटाळलं. "जा, नवीन संसार आहे तुझा. इथे बसून काय डोकी मोजणार?"

दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई त्यांच्या खुर्चीत, पाठमोऱ्या, फोनवर बोलत होत्या.

"डावखुरी," त्या म्हणाल्या. "हो, नक्की. आली त्याच दिवशी लक्षात आलं माझ्या. सुरी मी मुद्दाम डावीकडे ठेवायची. बोलले नाही कधी."

मी उंबऱ्यात थांबले. पलीकडचं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "झोप कसली? डोळे मिटून पडायची नुसती. ह्याला वाटायचं, झोपली."

कुणाची तरी चौकशी असेल, दूरच्या नात्यातल्या कुणाची, असं मी स्वतःला सांगितलं. पण उत्तरांचा क्रम मला पाठ होता. हातानंतर झोप, झोपेनंतर भीती. आणि प्रत्येक उत्तर संपलं की पलीकडचं माणूस जरा थांबत होतं, घाई न करता.

"भीती? वाटायची ना. आपल्याला इथे कुणी ओळखत नाही, ह्याची. तोंडाने कधी बोलली नाही, पण चमचे जागेवर ठेवतानासुद्धा पाहुण्यासारखी ठेवायची." सासूबाईंनी पदराने रिसीव्हर पुसला आणि पुन्हा कानाला लावला. "लोक म्हणायचे शांत. शांत कसली? एकटी असली की गुणगुणायची. आमची चाहूल लागली की बंद."

सगळी उत्तरं बरोबर होती. इतक्या बारकाईने कुणाबद्दल कुणी बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं, आजारी माणसांबद्दलही नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या एकदाही 'आहे' म्हणाल्या नाहीत.

आता एकच प्रश्न उरला होता. तो शास्त्राच्या उपयोगाचा नव्हता, आणि माझ्याखेरीज तो कुणी विचारत नसे. फोनमधून बारीकसा आवाज आला, खालच्या पट्टीतला. शब्द कळले नाहीत. कळायची गरजही नव्हती.

पलीकडचं माणूस थांबलं. मीही थांबले.

"येते ना डोळ्यांसमोर," अखेर त्या म्हणाल्या. "कामावरून आली की दारातच उभी राहायची. चपला न काढता, आमचं बोलणं ऐकत. मला पाठमोरीलाही कळायचं. पण मी मान वळवायची नाही. वाटायचं, आपलं घर आहे, येईल एक दिवस आपणहून आत."

त्यांनी फोन ठेवला. हात मांडीवर घेतले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिल्या.

मी चपला काढल्या. आत आले, त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले.

"आई," मी हाक मारली. आवाज फोनवरचा निघाला, खालचा. आणि हाक मारून झाल्यावर, सवयीने, मी थांबले.