भाग्यसरांचं तांब्याचं कडं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, भिंतीला टेकून माणसं उभी होती आणि दारात अडकलेल्यांच्या बगलेखालून आणखी काहीजण मुंडकी आत घालत होते. मी दातांचा डॉक्टर. आ वासलेली माणसं मी रोजच बघतो. पण कुणी न सांगता एवढी माणसं एकदम आ वासून बसलेली त्या संध्याकाळीच पाहिली.

व्यासपीठावर भाग्यसर होते. राखाडी सूट, गालाला चिकटवलेला माइक, मनगटात तांब्याचं कडं. बुवा म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते ‘करिअर-भाग्य सल्लागार’ होते. शिबिर दोन दिवसांचं होतं आणि कड्यांचं टेबल दाराशीच मांडलं होतं.

“मेहनत कोण करत नाही?” सर गरजले. “गाढव नाही करत? सांगा, आजवर किती गाढवांना बढती मिळाली?”

हशा पिकला, टाळ्या पडल्या. आपल्याला गाढव म्हटलं गेलंय, हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही.

“मेहनत म्हणजे गाडी. नशीब म्हणजे किल्ली! किल्ली नसेल तर ढकलत बसा जन्मभर. तुमच्या साहेबाकडे काय आहे जे तुमच्याकडे नाही? लहरी! तांबं त्या लहरी धरून ठेवतं.”

आमच्या घरातली विजेची तार तांब्याचीच आहे. तिला अजून बढती मिळालेली नाही.

मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. ताईने फोन करून सांगितलं होतं, “तुझी भाची त्या शिबिराला निघालीये. जरा सोबत जा, मला तिचं लक्षण ठीक दिसत नाही.” भाचीला आम्ही चिमी म्हणतो, कारण उंची जेमतेम. पण ही चिमी गोदीतल्या प्रशिक्षण केंद्रात क्रेन चालवायला शिकत होती. परीक्षा शनिवारी होती. पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप क्रेनच्या हुकाला लावायचं, खांबांच्या मधून न सांडता न्यायचं आणि जमिनीवर आखलेल्या गोलात अलगद ठेवायचं. पास झालं की गोदीत नोकरी पक्की. नापास झालं की पुढच्या तुकडीची वाट बघत बसायचं. ताई एकटी गणवेश शिवून घर ओढत होती. त्या नोकरीकडे दोघींचे डोळे लागले होते.

“या आठवड्यात कुणाची परीक्षा आहे?” सरांनी विचारलं आणि चिमीचा हात वर गेला. मी तो खाली ओढेपर्यंत ती व्यासपीठावर पोहोचलीसुद्धा.

“पाय जुळवा. हात दोन्ही बाजूंना पसरा. ताठ!” सरांनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून दाबलं. चिमी धडपडत बाजूला गेली.

“पाहिलंत? नशीब गळतंय पोरीचं!” सभागृह हळहळलं. मग तिच्या हातात कडं चढलं. सरांनी पुन्हा दाबलं, या वेळी दात-ओठ खाऊन. चिमी तसूभर हलली नाही. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. माझ्या शेजारचा बँकेतला कारकून डोळे पुसत होता.

घरी येताना चिमी हवेत होती.

“मामा, आता टेन्शनच नाही. माझ्या सरावाच्या उरलेल्या पाळ्या मी लंबूला देऊन टाकल्या.”

“देऊन टाकल्या म्हणजे?” लंबू म्हणजे तिच्याच तुकडीतला एक उंच, अबोल मुलगा.

“तिथूनच केंद्रातल्या मास्तरांना कळवलं. सर म्हणाले ना, शेवटी शेवटी जास्त घासलं की नशीब बिथरतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरांचा नियम मला ठाऊक होता: एकदा सोडलेली पाळी परत मिळत नसे. डोळ्यांनी पाहिलेल्या चमत्कारापुढे मामाच्या उपदेशाला कोण विचारतो?

सकाळी मी ताईच्या स्वयंपाकघरात जाऊन पाय जुळवून, हात पसरून उभा राहिलो. ताई चहा गाळता गाळता थांबली. “याला काय झालं आता?”

“चिमे, दाब माझा हात. सरांनी दाबला तसा.”

“तुमच्याकडे कडं नाहीये, पडाल.”

तिने मनगट दाबलं आणि मी ओट्यावर आदळलो. “बघा!” ती म्हणाली.

“आता मनगट सोड. कोपराजवळ दाब, आणि जरा माझ्या अंगाकडे.” रात्रभर माझ्या डोक्यात सरांची बोटंच घोळत होती. दात उपटताना जोर किती लावला याहून कुठल्या दिशेने लावला याला महत्त्व असतं, आणि सरांची बोटं दोन्ही वेळा एकाच जागी नव्हती, एवढं मला आठवत होतं.

तिने दाबलं. मी जागचा हललो नाही. तिने आणखी जोर लावला, मग जवळजवळ लोंबकळली. मी उभाच. ताई हसायला लागली, पण चिमी हसली नाही.

“हे तर मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलंय,” ती म्हणाली. “भार लांब गेला की क्रेन कलंडते. जवळ घेतला की तेवढाच भार क्रेन आरामात पेलते. पाय जुळवले म्हणजे तर बूडच अरुंद झालं. मामा, मी इतकी कशी मूर्ख?”

“तू मूर्ख नाहीस. तू घाबरलेली होतीस आणि त्याने घाबरलेलं गिऱ्हाईक अचूक ओळखलं.”

त्या संध्याकाळी, शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, सरांनी तिला आपणहून वर बोलावलं. “ही बघा, काल गळत होती, आज कशी तेज दिसतेय!”

“सर, मी तुमच्यावर करून दाखवू?” चिमीने विचारलं.

“गुरूची परीक्षा घेत नसतात, बाळा.”

“अहो, घेऊ द्या की!” मी मागून ओरडलो. “तुमचं नशीब तर भक्कमच असणार!” लोकांनी ते उचलून धरलं. उभं राहण्यावाचून सरांना गत्यंतर उरलं नाही. चिमीने टेबलावरची पाच कडी आणून त्यांच्या दोन्ही हातांत चढवली, त्यांचे पाय जुळवून घेतले आणि मनगटावर बाहेरच्या बाजूला दोन बोटं टेकवली. यशाचे सल्लागार माइकसकट आडवे झाले.

मग तिने सगळी कडी उतरवली, त्यांना पुन्हा उभं केलं आणि कोपराजवळ, अंगाच्या दिशेने, सगळा भार टाकून दाबलं. सर उभेच. पडायचा प्रयत्न करूनही त्यांना पडता येईना.

“शेजारच्यावर करून बघा,” चिमी लोकांना म्हणाली. “कडं नको, लहरी नकोत. बोटं कुठे ठेवायची तेवढं कळलं की झालं.” पुढची दहा मिनिटं सभागृहात लोक एकमेकांना पाडत होते. सर मागच्या दाराने पसार झाले. आणि एवढं होऊनही एका बाईंनी टेबलावरच्या माणसाला विचारलंच, “आता जरा स्वस्तात द्याल का?”

इथे गोष्ट संपली असती तर मला फार बरं वाटलं असतं. पण मास्तरांनी पाळ्या परत दिल्या नाहीत. चिमीने हातापाया पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. शनिवारी समुद्रावरून वारा सुटला. चिमीचं पिंप दुसऱ्या खांबाशी झुलायला लागलं, तिने घाबरून क्रेन थांबवली, झोका वाढला आणि पाणी सांडलं. ती नापास झाली. त्या दिवशी ताईला शिलाईच्या यंत्रावर मान खाली घालून रडताना पाहिलं आणि त्या सूटवाल्याचे सगळे दात भूल न देता काढावेत असं मला मनापासून वाटलं.

संध्याकाळी शेजारच्या काकू सांत्वनाला आल्या. मनगटात कडं होतंच. “नको तिथे हुशारी केलीस गं. कडं काढलंस, म्हणून झालं हे.”

“काकू, आमच्यातला लंबू पास झाला,” चिमी म्हणाली. “वारा त्यालाही तेवढाच होता. त्याच्या हातात कडं नव्हतं. त्याच्याकडे माझ्या पाळ्या होत्या.”

काकूंनी कडं बाहीत सरकवलं.

नशीब नसतंच, असं मी म्हणणार नाही. मला वडिलांचा चालता दवाखाना खुर्चीसकट मिळाला, ते नशीबच. चिमीला शिवणयंत्राच्या खडखडाटात अभ्यास करावा लागला, तेही नशीबच. पण ते कुणाच्या टेबलावर विकायला नसतं, आणि विकायला बसलेला माणूस तुमच्याकडे होतं तेवढंही काढून घेतो. कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी एवढंच म्हणा: थांबा, आता मी करून बघतो. खरं असेल तर त्याची काहीच हरकत नसेल.

चिमीने पुढच्या तुकडीत नाव घातलंय. परवा मी विचारलं, “काय, या वेळी नशीब कसं वाटतंय?”

“ते मला काय माहीत?” ती बूट चढवत म्हणाली. “वारा सुटला की मी मुद्दाम पाळी मागून घेते. पिंप झुललं की घाबरून थांबायचं नसतं, मामा. झोका जाईल तिकडे मागोमाग क्रेन हळूच न्यायची, की तो मरतो. जाते, आज वारा चांगला आहे.”